काचेच्या पेटीतील मत्स्यन्याय

मत्स्यन्याय हा शब्द आपल्याकडे राजनीतीच्या चर्चेत फार जुना आहे. दंड धारण करणारा कोणी नसेल तर बलवान दुर्बलाला गिळतो, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. त्या न्यायाची यथार्थता पटण्यास समुद्रावर जावे लागत नाही. हैदराबादेत चिक्कडपल्लीसारख्या दाटीच्या वस्तीत एखाद्या बिऱ्हाडी ठेवलेली दोन हात लांबीची मत्स्यपेटीही त्यासाठी पुरेशी होते.

अशा पेटीत हौशी गृहस्थ बोटाएवढा ऑस्कर मासा सोडतो आणि शोभेसाठी दहा-बारा लाल झिंगेही सोडतो. तेलुगू शेजारी ज्यांना रोय्यलु म्हणतात, त्यांचीच ही चिमुकली, परदेशी जात. पंधरवड्यात एकही झिंगा दिसेनासा होतो. मासा तर रोज दाणे खात असतो. मग त्याने असे का करावे, हा प्रश्न घरातील मुलांना पडतो.

याचे उत्तर माशाच्या स्वभावात नसून त्याच्या तोंडाच्या मापात आहे. तोंडात मावेल आणि हालचाल करील ते भक्ष्य, एवढीच शिकारी माशाची व्याख्या असते. मूळचा दक्षिण अमेरिकेतील ऑस्कर सुमारे ३० सेंटिमीटर वाढतो. लाल झिंगा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. शिवाय झिंग्याला वाढण्यासाठी वेळोवेळी कात टाकावी लागते. नवे कवच कठीण होईपर्यंत तो अगदी मऊ आणि असहाय असतो. त्याची नवजात पिल्ले तर एक-दोन मिलिमीटरचीच असतात. त्यांना गप्पीसारखा गरीब दिसणारा मासाही सोडत नाही.

मग नदी-तळ्यांत मासे आणि झिंगे एकत्र कसे टिकतात? या प्रश्नाचा विचार गाउझे या तरुण रशियन शास्त्रज्ञाने केला आणि १९३४ साली आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. त्याने एका नळीत पॅरामेशियम हा सूक्ष्म जीव आणि त्याला खाणारा डिडिनियम एकत्र ठेवले. भक्षकाने सर्व भक्ष्य संपविले आणि अखेर तोही उपाशी मेला. दुसऱ्या नळीत तळाशी गाळ ठेवून लपण्यास जागा केली. तेथे भक्षकाने उघड्यावरचे भक्ष्य फस्त केले व तो उपासमारीने नष्ट झाला. गाळात दडलेले पॅरामेशियम मात्र वाचले आणि पुन्हा वाढले. ठराविक दिवसांनी दोन्ही जीव बाहेरून थोडे थोडे सोडीत गेल्यावरच दोघांची वाढ-घट आळीपाळीने चालू राहिली. लपण आणि बाहेरून येणारी भर, ही दोन्ही तळ्यात असतात. उघड्या पेटीत दोन्ही नसतात.

पेटीत आणखी एक भेद असतो. निसर्गात भक्ष्य दुर्मिळ झाले की भक्षकाचीही उपासमार होते आणि त्याची संख्या आवरली जाते. पेटीतील शिकाऱ्याला मालक दाणे घालतो. त्यामुळे शेवटचा झिंगा संपल्यावरही त्याला काही उणे पडत नाही. म्हणजे निसर्गाने घातलेला लगाम मालकाच्याच हातून सुटतो.

हैदराबादचा उन्हाळाही दुर्बलाच्याच विरुद्ध जातो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम मावणारा वायू ३० अंशाला साडेसातांवर येतो. तेलंगणाचा राज्यमासा मरळ, तेलुगूतील कोर्रमीनु, पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. झिंग्याला ती सोय नाही. म्हणून हौसेने पाळलेले मरळीचे पिल्लू मे महिन्यात सुखाने राहते आणि झिंगे गुदमरतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन व माशांच्या काही औषधांतील तांबे यांचाही पहिला बळी झिंगाच होतो.

तेव्हा करावे काय? उत्तम मार्ग दोन पेट्यांचा. एकच पेटी असेल तर मधोमध जाळीचा पडदा बसवावा. तोही नको असेल तर शिकारी माशाचा मोह सोडून लहान तोंडाचे शांत मासे निवडावेत. आधी दाट शेवाळ, बारीक पानांच्या वनस्पती आणि दगडांच्या अरुंद फटी कराव्यात. झिंग्यांना तेथे स्थिरावू द्यावे, त्यांची एक पिढी निपजू द्यावी आणि मासे मागाहून सोडावेत. मादीच्या पोटाखाली साधारण वीस-तीस अंडी असतात, ती फुटण्यास तीन-चार आठवडे लागतात. इतका धीर धरला तर वंश टिकण्याची आशा असते. एवढे करूनही काही पिल्ले खाल्ली जाणार, हे गृहीत धरावे.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा. मासा पेटीत मावेनासा झाला की जवळच्या हुसेनसागरात सोडून देणे ही दया नव्हे. पेटीतून बाहेर पडलेल्या परदेशी सकर माशाने आंध्र-तेलंगणाच्या जलाशयांत मत्स्यव्यवसायाला उपद्रव दिला आहे. घरातला मत्स्यन्याय तळ्यात नेल्याने तो संपत नाही. त्याचे क्षेत्र तेवढे वाढते.

कौटिल्याने दुर्बलाच्या रक्षणाचा भार राजावर टाकला. काचेच्या पेटीत तो भार मालकावर येतो. मासा आपल्या धर्माप्रमाणे वागतो, झिंगाही वागतो. त्या दोघांना एका पाण्यात आणणारा माणूसच तेवढा निवड करू शकतो. म्हणून झिंगे नाहीसे झाले तर त्याचा जाब माशाला विचारण्यात अर्थ नसतो.