उंबरठ्यावरचा नमस्कार

औंढा नागनाथाहून वसमतकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत शिरड शहापूर हे गाव लागते. त्याच्या नावातील ‘शहापूर’ हे पद उच्चारताना फारसी ‘शाह’ आणि संस्कृत ‘पुर’ हे दोन शब्द आपण एकाच श्वासात, त्यांच्या कुळाची चौकशी न करता उच्चारून जातो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या रियासतीत असलेल्या, कचेरीचे दफ्तर उर्दूत आणि बाजारहाट मराठीत चालवणाऱ्या या मुलखात असे शेजार केवळ शब्दांतच नव्हे, तर घराघरांतही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत.

या गावाची ख्याती मुख्यतः श्रीमल्लिनाथ दिगंबर जैन मंदिरामुळे आहे. मल्लिनाथ हे एकोणिसावे तीर्थंकर, आणि मंगल कलश हे त्यांचे लांछन. परंपरा असे सांगते की ही मूर्ती मूळची नांदेडजवळील अर्धापूरची. निजामी अमदानीत भट्टारक प्रेमानंद ती कारंज्याकडे नेत असता शिरड शहापुरी मुक्काम पडला, आणि तो मुक्काम पुढे हललाच नाही. वाटेवरचा पाहुणा कायमचा गावकरी व्हावा, ही कथा भाविकाला चमत्कार म्हणून प्रिय असेल. मला ती गावाच्या मनाचे वर्णन म्हणूनही प्रिय आहे. येथून जवळच औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि विसोबा खेचर व नामदेव यांच्या गुरुशिष्यभेटीची स्मृती. याच जिल्ह्यात नर्सी हे नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान. आणि ज्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली, त्या ग्रंथाला १७०८ साली गुरुगादी देऊन गुरू गोविंदसिंग ज्या नांदेडास निजधामाला गेले, ते नांदेडही शेजारच्याच जिल्ह्यात!

अशा मुलखात एका बाजाराच्या दिवशी किती नमस्कार ऐकू यावेत! वारकऱ्याचा ‘राम कृष्ण हरी’, कुणब्याचा ‘राम राम’, जैन बांधवाचे ‘जय जिनेंद्र’, मुसलमानाचा ‘सलाम’, लिंगायताचे ‘शरणू शरणार्थ’, महानुभावाचा ‘दंडवत प्रणाम’, शिखाचे ‘सत श्री अकाल’ आणि बौद्धाचा ‘जय भीम’. यांतील प्रत्येक शब्दात त्या त्या समाजाने आपल्या अंतःकरणातील सर्वांत मोलाची वस्तू ठेवलेली आहे. ‘जय जिनेंद्र’ हा स्वतःच्या विकारांना जिंकणाऱ्याचा जयकार आहे. ‘सलाम’ ही शांततेची प्रार्थना आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्या मार्गाने चालणाऱ्यांच्या ‘जय भीम’मध्ये ताठ मानेने जगण्याचा निर्धार आहे. म्हणूनच दुसऱ्याला त्याच्याच शब्दाने आधी हाक देणे, ‘पाटील, राम राम’ असे मौलवींनी म्हणणे आणि ‘सलाम, चाचा’ असे पाटलांनी म्हणणे, हा जुन्या माणसांचा रिवाज मला मोठ्या सुसंस्कृतपणाचा वाटतो. त्यात कोणाचा धर्म उणा होत नाही. शेजाऱ्याला मात्र आपण ओळखले गेलो, एवढे समाधान मिळते.

ओळखण्याचा हा प्रयत्न पंचांगापासून सुरू व्हावा लागतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणपती बसतो आणि दुसऱ्याच दिवशी, पंचमीला, दिगंबरांचे दशलक्षण पर्व सुरू होते; एका घरी मोदकांचा दरवळ, तर शेजारच्या घरी उपवासाची शांतता, आणि दोहोंची समाप्ती अनंत चतुर्दशीला. आश्विनी अमावास्येच्या पहाटे जिनमंदिरात महावीरांच्या निर्वाणाचा लाडू अर्पण होतो आणि त्याच सायंकाळी घरोघर लक्ष्मीपूजन होते. विजयादशमीला कोणी आपट्याचे सोने वाटतो, तर कोणी धम्मचक्र प्रवर्तनाचे स्मरण करतो. मोहरमचे दिवस तर करबलेच्या शोकाचे. कित्येक गावांतून हिंदू घराणीही सवारीची सेवा करतात, परंतु त्या दिवसांत ‘मुबारक’ म्हणणे म्हणजे दुःखाच्या दारी तोरण बांधणे होय.

हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे ईद सर्व ऋतूंतून फिरते, आणि कधी ती नेमकी दुसऱ्या सणाच्या दारी येऊन उभी राहते. २०२२ व २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या, तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांतील मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढे ढकलली. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या असता मुंबईतील मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरले. असे निर्णय कोणत्याही शुभेच्छापत्राहून अधिक बोलके असतात.

ही समज घराघरांत ताटावरून वाहते. फराळाचे ताट क्रोशाच्या रुमालाखाली झाकून पोर शेजारी जाते, तेव्हा जैन घरासाठीच्या चिवड्यात कांदा-लसूण पडलेला नसतो आणि दिवस मावळण्यापूर्वीच ते पोचवायचे, हे आईने त्याला बजावलेले असते. ईदेच्या सकाळी शाकाहारी शेजारणीला भाभी शेवया, साखर, खारीक, चारोळी असा कोरडा शिधा धाडते, ‘तुमच्या चुलीवर, तुमच्या भांड्यात करा’ या निरोपासह. आणि आलेले ताट रिकामे परत जात नाही. निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालतात.

ही साखर संकटकाळी किती उपयोगी पडते, याची साक्ष मराठवाड्याच्या इतिहासात आहे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या अत्याचारांनी आणि त्यानंतर भारतीय सैन्याच्या ‘पोलीस कारवाई’च्या सुमारास मुसलमानांवर झालेल्या हिंसेने १९४८ साली हा प्रदेश होरपळला. तेव्हा पाहणीसाठी फिरलेल्या पंडित सुंदरलाल समितीने भीषण हकिकतींबरोबरच हेही नमूद केले की, हिंदूंनी प्राण धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना आश्रय दिला, आणि एकाच धंद्यातील माणसे, विशेषतः विणकर, परस्परांसाठी उभी राहिली. वर्षानुवर्षे ज्या उंबरठ्यावर ताटे पोचली होती, तो उंबरठा त्या दिवसांत अनोळखी नव्हता.

दशलक्षण पर्व संपल्यावर शिरड शहापूरसारख्या गावांतील जैन बांधव क्षमावाणीच्या दिवशी एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. सुख चिंतण्यापूर्वी आपल्या हातून कळत-नकळत झालेल्या दुखावण्याची क्षमा मागणारा हा नमस्कार सर्वांनीच उसना घ्यावा, असे मला मनापासून वाटते. यंदा दिवाळीच्या पाडव्याला फराळाचे ताट घेऊन ज्या दारी आपण फार दिवसांत गेलो नाही, त्या दारी जाऊ या. आधी त्यांच्या शब्दांत नमस्कार, मग क्षमा, आणि मग ताट.