पिशवी काढली, पण बीजकोश?

हृदयाचा हिशेब : भाग ६

मागच्या भागात आपण पाहिलं, की चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते हे हृदयाला जास्त महत्त्वाचं. मांड्यांवरची चरबी बरीचशी गुमान पडून असते. पोटात, आतड्यांभोवती साठलेली मात्र गप्प बसत नाही. तिच्यातलं रक्त थेट यकृतात जातं, सोबत मेदाम्लं आणि दाह वाढवणारी रसायनं घेऊन. मग इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, रक्तदाब चढतो. १९९४ साली चरबीतून स्रवणारं लेप्टिन सापडलं तेव्हापासून चरबीला नुसतं कोठार म्हणायची सोय राहिलेली नाही, ती ग्रंथीसारखी हार्मोन सोडते.

पण चरबी कुठे साठायची, हे ठरवतं कोण? बायकांच्या शरीरात त्यात मोठा वाटा इस्ट्रोजेनचा. पाळी चालू आहे तोवर ते चरबी कमरेखाली वळवतं, रक्तवाहिन्या लवचिक ठेवतं. बाईला हृदयविकाराचा झटका पुरुषापेक्षा साधारण नऊ-दहा वर्षं उशिरा येतो, त्यामागचं हे एक कारण. पाळी गेली की पोट सुटू लागतं. खाणं तेवढंच असतं, तरीही.

पाळी जायच्या वयाआधीच हे कसं ओढवतं, ते पाहायला आता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे या. ज्या जिल्ह्यात लोणीला १९५० मध्ये पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच जिल्ह्यातले हे कोरडे तालुके; दिवाळी झाली की इथले कोयते ऊस तोडायला बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक दिवस पडलं तरी खाडा, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची बाकीच. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय, तर गर्भाशयाची पिशवीच काढून टाका, हा सल्ला या हिशेबात चपखल बसतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे शेजारच्या बीडचे आकडे आले: ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. जिल्ह्याची शीव ओलांडली म्हणून मुकादमाची रीत बदलत नाही.

या प्रकरणात चर्चा झाली ती पिशवीची. हृदयाच्या दृष्टीने कळीचे आहेत पिशवीच्या दोन बाजूंचे बीजकोश. इस्ट्रोजेन तिथे तयार होतं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, हार्मोन चालू राहतं (थोडं लवकर आटू शकतं, एवढंच). बीजकोशही काढले, तर पस्तिशीतल्या बाईच्या शरीरात पन्नाशी एका दिवसात येते, आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि बाईला विचारावं तर ती सांगते, ‘पिशवी काढली’. दोन्ही शस्त्रक्रियांना शब्द एकच.

‘काडीसारखी बाई, तिला कसला हार्टचा त्रास?’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण. त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दोघांची ही जोडी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये झळकली. वजनकाटा आपल्याकडे फार भोळा ठरतो.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्याव्यात का? २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत हार्मोनच्या गोळ्यांनी हृदय वाचण्याऐवजी धोकाच वाढलेला दिसला आणि जगभर धसका बसला. पण त्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या. पस्तिशीत बीजकोश गेलेल्या बाईला तो निकाल जसाच्या तसा लावणं चूक. तिला पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला तज्ज्ञ साधारणपणे देतात, कर्करोगासारखी अडचण नसेल तर. मात्र ते विचारायला आधी काय काढलंय हे माहीत हवं.

ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत बीजकोश आहेत की नाहीत याचा अंदाज येतो. जोडीला रक्तदाब, साखर आणि शिंप्याची टेप: बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. टेप धरायला डॉक्टर लागत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

पुढच्या भागात पुरुषांचं पोट.