काचेसारखी चमक आणि सुजलेल्या पापण्या

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडला, तो दारात आमचे पेंटरकाका उभे. पापण्या इतक्या सुजलेल्या, की समोरचे दिसण्यापुरती बारीक फट उरलेली. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे आणि बारीक पाणीदार फोड.

"डॉक्टरसाहेब, श्रावणापासून हेच चाललंय. मलम लावलं की बसतं, सोडलं की दुप्पट उठतं," ते म्हणाले.

मलम कुठले, तर औषधाच्या दुकानातून कुणीतरी नायटा समजून दिलेले, स्टेरॉईड मिसळलेले. पण दोष एकट्या दुकानदाराला देऊन भागणार नाही. चूक माझीही होती. भाद्रपदात काका माझ्याकडे येऊन गेले होते. "धंदा काय?" असे मी विचारले, "पेंटर" असे त्यांनी सांगितले आणि मी मनाशी टर्पेंटाईन धरून चाललो. "रॉकेलने हात धुऊ नका" असे सांगून औषध लिहून दिले. या वेळी मात्र मी वही बाजूला ठेवली आणि म्हटले, "काका, सकाळपासून रात्रीपर्यंत हाताने काय काय करता, ते क्रमाने सांगा बघू."

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. फ्लेक्सचे फलक आले आणि हाताने पाट्या रंगविण्याचा काकांचा धंदा बसला. मग त्यांनी नवी वाट शोधली. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर वेलबुट्टी, गणपती, वारली चित्रे काढायची, घरमालकाचे नाव सुरेख अक्षरांत लिहायचे आणि वर पारदर्शक इपॉक्सी रेझिनचा थर ओतायचा. चित्रावर जणू काच बसविली आहे असे वाटते. नव्या बंगल्यांच्या दारांना अशा पाट्यांना चांगली मागणी आली. दुखणे शिरले ते याच थरातून.

हा पदार्थ आहे तरी काय?

तुटलेली कपबशी चिकटविण्यासाठी आपण दोन नळ्यांतले पदार्थ कालवतो, त्याच कुळातला हा पदार्थ. एका बाटलीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही ठरल्या प्रमाणात एकत्र केले, की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ द्रवाचा टणक थर बनतो. तो पूर्ण घट्ट झाल्यावर त्याला हात लावण्यात सहसा काही धोका नाही. तेव्हा ज्यांच्या दारावर अशी पाटी आहे, त्यांनी घाबरू नये.

धोका आहे तो घट्ट होण्यापूर्वी. कच्चे रेझिन त्वचेला लागत राहिले, तर काही जणांच्या शरीराला त्याचे वावडे निर्माण होते. यालाच आपण ॲलर्जी म्हणतो. हार्डनर तर त्वचेची आगही करतो. यातली फसवी गोष्ट अशी, की हे वावडे पहिल्याच दिवशी दिसत नाही. कुणाला काही दिवसांत, कुणाला काही महिन्यांत, तर कुणाला वर्षानुवर्षे काम केल्यावर त्रास सुरू होतो. शिवाय बऱ्याच रेझिनांना उग्र वास नसतो. वास नाही म्हणजे अपाय नाही, असा आपला समज. काकांचाही तोच होता.

एकदा वावडे जडले, की ते बहुधा जन्मभराचे. पुढे थेंबभर रेझिनही पुरते. पापण्यांची त्वचा फार पातळ असते. त्यामुळे हवेतली वाफ, पॉलिश पेपरने घासताना उडणारी कच्च्या थराची धूळ किंवा नकळत डोळ्याला लागलेले बोट एवढ्यानेही त्या सुजतात. पवनचक्क्यांची पाती बनविणाऱ्या आणि कारखान्यांत फरशीवर इपॉक्सीचा थर देणाऱ्या कामगारांतही हाच विकार आढळतो.

निदान कसे झाले?

काकांना मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाकडे पाठविले. तेथे पॅच टेस्ट होते. निरनिराळे पदार्थ अगदी सौम्य प्रमाणात पाठीवर चिकटवितात, ४८ तासांनी पट्ट्या काढून पाहतात आणि पुढे एकदोन दिवसांनी पुन्हा तपासतात. काकांच्या पाठीवर रेझिनच्या जागी लाल, खाजरा उंचवटा उठला. ही चाचणी कुणीही घरी बाटलीतला पदार्थ हातावर लावून करू नये. त्यानेच नवे वावडे जडण्याची भीती असते.

काम करणाऱ्यांनी काय सांभाळावे?

१. रेझिन त्वचेला लागूच द्यायचे नाही, हा पहिला नियम. रबराचे साधे पातळ हातमोजे यातून वाचवीत नाहीत. नायट्राईलचे वापरावेत आणि रेझिन लागताच बदलावेत. एकच जोड धुऊन पुन्हा वापरू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांना चष्मा असावा.

२. हाताला लागलेच, तर कागदाने टिपून साबण व पाण्याने धुवावे. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नये. त्याने त्वचेवरचे तेलकट कवच जाते आणि रेझिन आत शिरायला वाट मिळते. डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तडक डॉक्टरांकडे जावे.

३. प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. हार्डनर जास्त घातला म्हणून थर लवकर वाळत नाही. उलट तो चिकट, कच्चा राहतो आणि कच्चा थर म्हणजे अपाय. एकाच भांड्यात पुष्कळ मिश्रण कालवून ठेवल्यास ते अतिशय तापते. धूरही निघू शकतो.

४. पत्र्यावरचे तेल, धूळ आणि ओल आधीच नीट काढावी, रंग पूर्ण वाळू द्यावा. म्हणजे थर सुटत नाही आणि पुन्हा घासण्याची वेळ येत नाही. घासायचेच असेल, तर थर पुरता घट्ट झाल्यावर आणि ओल्या पॉलिश पेपरने घासावे. वरून कडक लागला, तरी पूर्ण पक्का व्हायला पुष्कळदा आठवडा लागतो, थंडीत त्याहून अधिक.

५. काम हवेशीर जागी करावे. स्वयंपाकघरात किंवा निजण्याच्या खोलीत नको. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. त्यासाठी रासायनिक वाफेचे गाळण असलेला मुखवटा लागतो.

पुढे काय झाले?

औषधांनी काकांची सूज दोन आठवड्यांत उतरली. पण मला सांगावे लागले, "काका, रेझिन आता तुमच्यासाठी बंद." ते बराच वेळ गप्प राहिले. घर त्या पाट्यांवर चालत होते. मग म्हणाले, "पुतण्याला ओतायला लावू का? तसंही कालवायचं काम तोच करतो. उघड्या हातानं."

शेवटच्या तीन शब्दांनी मी दचकलो. दुसऱ्या दिवशी पुतण्याला बोलावून घेतले. त्याच्या हातावर सुदैवाने काही नव्हते. वरचे सारे नियम मी त्याला समजावले. आता ओतण्याचे काम परसातल्या वेगळ्या शेडमध्ये होते आणि थर पक्का होईपर्यंत काका तिकडे फिरकत नाहीत. ते चित्रे काढतात, अक्षरे लिहितात. काही गिऱ्हाइकांना साध्या ॲक्रिलिक वॉर्निशची पाटीही चालते. तिला काचेची खोली नाही, पण काकांचे अक्षर तेवढेच देखणे दिसते.

वाचकहो, खाज, चट्टे, सूज घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा नुसता धंदा सांगू नका. हाताने काय हाताळता, गेल्या वर्षभरात नवे काय वापरू लागलात, ते सांगा. शक्य असेल तर डब्यावरचे लेबल बरोबर न्या. डॉक्टर विचारायला विसरला, तरी आपण सांगायला विसरू नये. मी एकदा विसरलो आणि काकांना आणखी तीन महिने खाजवीत बसावे लागले.