'गोलोस': आवाज आणि मत

रशियन भाषेत 'गोलोस' या शब्दाचा अर्थ आवाज, आणि निवडणुकीत आपण देतो ते मतही. 5 ऑक्टोबर 2012 रोजी रशियाच्या 'पेर्वी कनाल' या वाहिनीवर या नावाची गाण्याची स्पर्धा सुरू झाली, आणि तिच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन अर्थांच्या मधेच अडकलेले आहेत. तिच्यातले तुकडे आपल्याकडेही मोबाइलवर फिरतात, आणि सोबत हमखास ऐकू येतं, 'सगळं ठरवलेलं असतं हो.' मी हा कार्यक्रम बरीच वर्षं मनापासून ऐकत आलो आहे. त्यातल्या गायकांची मेहनत एका वाक्यात निकालात काढलेली मला बघवत नाही.

ही अमेरिकी कार्यक्रमाची नक्कल आहे, असं सर्रास म्हटलं जातं. मूळ कार्यक्रम नेदरलँड्सचा. जॉन द मोल यांनी तो 2010 मध्ये तिथं आणला, अमेरिकेनंही तो तिथूनच घेतला, आणि 2015 मध्ये 'द व्हॉइस इंडिया' आपल्याकडे आलं तेही त्याच मुळावरून. रशियानं रीतसर परवाना घेऊन सांगाडा आणला: पाठ फिरवलेल्या चार लाल खुर्च्या, समोरचं बटण, आवडलं तर दाबायचं आणि वळायचं. पण त्या खुर्च्यांवर बसवलं कुणाला, हे बघायला हवं. परीक्षक नव्हे, तिथं त्यांना 'नास्ताव्निक' म्हणतात, म्हणजे मार्ग दाखवणारा गुरू. पहिल्या हंगामात पॉपमधले दिमा बिलान आणि लिओनिद अगूतिन होते, लोकसंगीत गाणारी सायबेरियाची पेलागेया होती, आणि चौथे होते अलेक्सांद्र ग्रादस्की.

ग्रादस्कींपाशी थोडं थांबतो. 1966 मध्ये त्यांनी 'स्कोमोरोखी' हा रॉक बँड काढला, सोव्हिएत काळातल्या अगदी सुरुवातीच्या बँडपैकी एक. त्याच माणसानं 1988 मध्ये बोल्शोय थिएटरमध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'सोनेरी कोंबडा' या ऑपेरात ज्योतिषाची भूमिका गायली. ती भूमिका फार उंच पट्टीच्या पुरुषी आवाजासाठी लिहिलेली आहे, भलेभले तिच्या वाट्याला जात नाहीत. रॉक आणि ऑपेरा एकाच गळ्यात नांदवणारा माणूस खुर्चीवर बसला, की समोर येणाऱ्यांचाही धीर वाढतो. पहिल्या तिन्ही हंगामांचे विजेते त्यांच्याच चमूतले निघाले.

'टीव्हीवर काय, ओठ हलवत असतील.' ही शंका रशियन माणसालाही होतीच. ध्वनिमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवण्याला तिथं 'फानेरा' म्हणतात. शब्दाचा खरा अर्थ प्लायवुड. 'फोनोग्रामा'चा अपभ्रंश करून लोकांनी तो चेष्टेनं रूढ केला, इतका तो प्रकार बोकाळला होता. 'गोलोस' लोकांना भावलं ते नेमकं याच्या उलट असल्यामुळे. इथं सेर्गेई झीलिन यांचा 'फोनोग्राफ' वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवतो आणि गायक त्या क्षणी गातो. सूर घसरला तर घसरलेला ऐकू येतो.

कुणीही रस्त्यावरून उठून त्या खुर्च्यांसमोर उभं राहतं, हाही भ्रमच. कॅमेऱ्याआधी निवडीची चाळणी असते आणि ती कडक असते. आलेल्यांत मुरलेले व्यावसायिकही असतात. दुसऱ्या हंगामातली उपविजेती नार्गिझ झाकीरोवा ताश्कंदच्या नामांकित गायक घराण्यातली, वर्षानुवर्षं अमेरिकेत राहून आलेली. तरीही हे मॉस्कोतल्या ओळखीवाल्यांचं काम, असं म्हणणाऱ्यांनी विजेत्यांची गावं तरी बघावीत. पहिली विजेती दिना गारिपोवा तातारस्तानातल्या झेलेनोदोल्स्कची. दुसरा, सेर्गेई वोल्चकोव, बेलारूसमधल्या बिखोवचा. सहाव्या हंगामाचा सेलिम अलाख्यारोव दागेस्तानचा.

आणि 2015चा विजेता तर मठातून आला. फोती हे बोरोव्स्कच्या मठातले संन्यासी, तिथल्या गायनवृंदाचे प्रमुख. काळा झगा, दाढी, चष्मा. त्यांनी निवडली चायकोव्स्कीच्या 'येवगेनी अनेगिन'मधली लेन्स्कीची एरिया, द्वंद्वयुद्धाच्या आधी मरणाची चाहूल लागलेल्या तरुण कवीचं गाणं. प्रेक्षकांना झगा दिसत होता, खुर्च्यांवरच्या चौघांना फक्त आवाज. वळले एकटे ग्रिगोरी लेप्स, त्या हंगामातले एक नास्ताव्निक. ग्रादस्की वळले नाहीत. संन्यासी मठ सोडून प्रसिद्धीमागे पळाला, असं त्या वेळी बोललं गेलं, तेही खोटं. धर्मगुरूंची परवानगी घेऊनच ते आले होते आणि जिंकल्यावरही संन्यासीच राहिले.

'गोलोस' जिंकलं की युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्याच्या स्पर्धेचं तिकीट पक्कं, हेही एका उदाहरणावरून पसरलं. दिना 2013 मध्ये माल्म्योला गेली आणि पाचवी आली. तसा काही नियम नव्हता, नंतरच्या विजेत्यांना ती वाट मिळाली नाही.

आता प्रेक्षकांच्या मतांचं. लहान मुलांच्या 'गोलोस'मध्ये एप्रिल 2019 ला खरोखरच घोळ झाला. एका प्रसिद्ध गायिकेची मुलगी निम्म्याहून जास्त मतांनी जिंकली आणि देशभर गदारोळ उठला. वाहिनीनं ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा कंपनीकडून तपास करून घेतला. सुमारे 300 नंबरांवरून 8,000हून जास्त एसएमएस यंत्रानं पाठवल्याचं त्यात निघालं. निकाल रद्द झाला. म्हणून सगळेच निकाल बनावट, असं मात्र सिद्ध होत नाही. उलट, लोकांनी आवाज उठवल्यावर वाहिनीला स्वतःचा निकाल मागे घ्यावा लागला. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा: शिव्या त्या लहान पोरीनं खाल्ल्या. तिनं फक्त गाणं गायलं होतं.

जिंकलेले पुढे दिसेनासे होतात, ही तक्रार पूर्ण खोटी नाही. सगळ्यांना रेकॉर्ड कंपन्या विचारत नाहीत. पण ग्रादस्कींनी यावर स्वतः उपाय शोधला होता. 2015 मध्ये मॉस्कोत त्यांनी 'ग्रादस्की हॉल' हे थिएटर उघडलं आणि आपल्या चमूतल्या गायकांना तिथं कायमचं व्यासपीठ दिलं. दहाव्या हंगामासाठी 2021 मध्ये पहिले चारही नास्ताव्निक पुन्हा एकत्र बसले. तो हंगाम चालू असतानाच, 28 नोव्हेंबरला, ग्रादस्की गेले. वयाची 72 वर्षं त्यांनी नुकतीच पूर्ण केली होती.