प्रिव्ह्यू वीस सेकंदांत थांबतो? नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हा हिशोब करा

लग्नसराई आली की नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत निकाह आणि वलिम्याच्या दावतीचे व्हिडिओ कार्ड बनवायची कामे सुरू होतात. आपली अनेक मुलं-मुली हे काम घरच्या कॉम्प्युटरवर शिकतात, त्यातून चार पैसेही कमावतात. त्यांची एक तक्रार आमच्याकडे नेहमी येते : "सर, आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रिव्ह्यू वीस सेकंद चालतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कॉम्प्युटर बाद झाला का?" मग घरात नव्या मशीनचा आणि हप्त्यांचा विषय निघतो. म्हणून हा हिशोब पालकांनीही समजून घ्यावा.

रॅम का भरते?

रॅम म्हणजे वर्गातला फळा, हार्ड डिस्क म्हणजे वही. फळ्यावरचं पटकन दिसतं, पण जागा मोजकीच. प्रिव्ह्यू न अडखळता दिसावा म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, तयार करून रॅममध्ये ठेवतं.

फुल एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून एका ठिपक्याला ४ बाइट लागतात. म्हणजे एक फ्रेम सुमारे ८.३ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका सेकंदाला साधारण २०७ एमबी.

८ जीबी रॅममधून विंडोज, ब्राउझर आणि खुद्द सॉफ्टवेअर यांचा वाटा काढून ४ जीबी उरली, तर त्यात जेमतेम वीस सेकंद बसतात. दोन मिनिटांच्या कार्डाला जवळपास २५ जीबी लागेल. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही, फळा भरला आहे.

मुलं विचारतात, "व्हॉट्सअ‍ॅपवर तर हेच कार्ड ३० एमबीत जातं!" खरं आहे. ती फाइल दाबून लहान केलेली असते. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत काय बदललं, मुख्यतः तेवढंच त्यात साठवलं जातं. रॅममध्ये मात्र प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शेवटचं रेंडर करताना फ्रेम तयार होत जातात तशा डिस्कवर लिहिल्या जातात, सगळ्या एकदम रॅममध्ये धरून ठेवाव्या लागत नाहीत. त्यामुळे प्रिव्ह्यू वीस सेकंदांचा असला तरी कार्ड पूर्ण दोन मिनिटांचं निघतं.

पैसे न खर्चता काय करता येईल?

• प्रिव्ह्यूचं रिझोल्यूशन 'हाफ' करा. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या होतात, म्हणून रॅम चौथा हिस्साच लागते. वीस सेकंदांच्या जागी ऐंशी सेकंद दिसतात. रेंडर मात्र 'फुल'वरच करा.
• जेवढा भाग तपासायचा तेवढाच निवडा. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'बी' दाबून सुरुवात आणि 'एन' दाबून शेवट ठरवता येतो.
• साध्या कार्डाला ८ बिट रंग पुरतात. १६ बिट केलं की प्रत्येक फ्रेम दुप्पट जागा घेते, ३२ बिटला चौपट.
• काम करताना ब्राउझरचे जास्तीचे टॅब बंद ठेवा.

खर्च करायचाच असेल तर

आधी रॅम वाढवण्याचा विचार करा. ८ ची १६ जीबी केली तर विंडोज वगैरेंचा ४ जीबीचा वाटा साधारण तेवढाच राहतो आणि प्रिव्ह्यूला ४ ऐवजी १२ जीबी मिळते. म्हणजे रॅम दुप्पट, प्रिव्ह्यू तिप्पट. महागडं ग्राफिक्स कार्ड काही इफेक्ट्सचा वेग वाढवतं, पण रॅमची जागा वाढवत नाही.

दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' उघडून किती स्लॉट वापरात आहेत ते बघा. रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४, तेही माहीत करून घ्या, एकाची पट्टी दुसऱ्याला बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती बदलता येत नाही. आणि विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम टाकून काही फायदा नाही.

मूल "नवीन कॉम्प्युटर पाहिजे" म्हणालं, तर पालकांनी त्याला आधी कागदावर हा गुणाकार करून दाखवायला सांगावं. गरज खरी असेल तर ती त्या कागदावरच दिसेल.