संगणक मंदावला म्हणजे
संगणक मंदावला की त्याचा प्रोसेसर (गणनकार्य करणारा मुख्य घटक) जीर्ण झाला, हा सार्वत्रिक समज बहुधा यथार्थ नसतो. कारण प्रोसेसर केवळ वयोमानाने मंद होत नाही; जुन्या यंत्रात विलंब बहुधा होतो तो हार्ड डिस्कमध्ये (फिरत्या चुंबकीय तबकडीवरील संग्रहात), जिथे इच्छित नोंद गाठण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. कचेरीतील कारकून कितीही तरबेज असला, तरी दप्तरखान्यातून कागद आणणारा शिपाई संथ असेल तर प्रकरणे तुंबणारच. फिरते भाग नसलेली एसएसडी (चिपवरील संग्रह) हेच काम सुमारे दशांश मिलिसेकंदात करते; म्हणून जुन्या यंत्रात प्रथम ती बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे सर्वसाधारण साहाय्य संपुष्टात आले असून, विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षा-किल्ल्या जपणारी व्यवस्था) आवश्यक असल्याने, विंडोजवरच काम करणाऱ्यास टीपीएम २.० नसलेले यंत्र बदलणे रास्त ठरते.