विश्लेषण : धुतलेल्या गाडीवर पांढरे डाग का उरतात?

सकाळी गाडी धुऊन लख्ख केली आणि तासाभराने उन्हात पाहिली तर बॉनेटभर पांढऱ्या गोल कड्या. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हा अनुभव नेहमीचा. धूळ नीट निघाली नाही असे समजून अनेक जण पुन्हा बादली उचलतात आणि डागांत भर घालतात. कारण हे डाग धुळीचे नसून पाण्याचेच असतात.

डाग नेमके कशाचे?

जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जाते, क्षार तिथेच राहतात. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडावर साचणारा पांढरा थर तो हाच. लिटरला 500 मिलिग्रॅम क्षार असलेले अर्धा लिटर पाणी गाडीवर वाळले, तर पाव ग्रॅम भुकटी पत्र्यावर उरते. काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर ती लगेच नजरेत भरते. पांढऱ्या गाडीवरही असते, फक्त दिसत नाही.

पाणी पिण्याजोगे आहे म्हणजे गाडीसाठीही चांगले, हा समज फसवा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. असे पाणी पिता येते, पण गाडीवर वाळले तर डाग ठरलेलाच.

आरओचे वाया जाणारे पाणी वापरावे का?

पाणी वाचवण्यासाठी आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी गाडीला वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हेतू चांगला, पण अर्धीच गोष्ट सांगितली जाते. तीन लिटर पाण्यातून एक लिटर शुद्ध मिळत असेल, तर उरलेल्या दोन लिटरमध्ये जवळपास तिन्ही लिटरचे क्षार जमा होतात. म्हणजे मूळ पाण्याच्या सुमारे दीडपट. म्हणून हे पाणी टायर, मडगार्ड आणि चिखल सोडवण्यासाठी खुशाल वापरावे. शेवटचा हात मात्र धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्याचा किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा असावा. दोन्हींत क्षार सहसा कमी असतात.

डाग पडूच नयेत म्हणून...

पाणी कोणतेही असो, ते गाडीवर आपोआप वाळू न देणे हाच खरा उपाय. त्यामुळे गाडी सावलीत आणि बॉनेट गार असताना धुवावी; टपापासून खाली, एकेक भाग धुऊन पाणी मारत जावे. शेवटी पाइपचे नोझल काढून मंद धार सोडली, तर पाण्याचा पडदा घसरत खाली येतो आणि थेंब कमी उरतात. मग लगेच स्वच्छ मायक्रोफायबर टॉवेलने पाणी टिपावे. जुना बनियन नको, त्यात अडकलेले कण ओरखडे पाडतात. आरसे, दरवाज्यांच्या फटी आणि नंबर प्लेटमागून नंतर पाणी ओघळते, तेही पुसावे.

सिरॅमिक कोटिंगवर हजारो रुपये मोजले म्हणून यातून सुटका नाही. कोटिंगवर पाण्याचे टपोरे थेंब होतात आणि प्रत्येक थेंब जागीच वाळून आपली कडी सोडतो. पुसणे तिथेही आलेच.

पडलेले डाग कसे काढायचे?

ताजे डाग साध्या कार शॅम्पूने निघू शकतात. नाही निघाले तर पांढरे व्हिनेगर आणि शुद्ध पाणी समप्रमाणात घ्यावे. गार पत्र्यावर, आधी कोपऱ्यात करून पाहावे. ओले कापड मिनिटभर डागावर ठेवून, न घासता पुसावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. व्हिनेगरमधले आम्ल कॅल्शियमचा थर विरघळवते. बाथरूमच्या फरशीचे क्लीनर मात्र गाडीजवळही आणू नये; त्यातले तीव्र आम्ल रंगाला आणि क्रोमला खाते. टूथपेस्ट आणि भांड्याची घासणीही नको.

डाग आठवडे तसाच राहिला आणि वर ऊन तापत राहिले, तर तो रंगावरच्या पारदर्शक थरात खड्डा पाडतो. हा थर केसापेक्षाही पातळ असतो. बोट फिरवल्यावर खडबडीत लागले तर क्षार वरच आहेत. धुऊन गुळगुळीत झाल्यावरही कडी दिसत असेल, तर थर खाल्ला गेला आहे. तिथे मशीन पॉलिशशिवाय पर्याय नाही, आणि प्रत्येक पॉलिशमध्ये हा थर आणखी झिजतो.

पुढच्या काचेचे डाग सर्वांत आधी काढावेत. रंगावरचे डाग फक्त दिसायला वाईट. काचेवरच्या डागांमुळे रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रकाश फाकतो आणि रस्ता धूसर दिसतो. सिलिकाचे डाग व्हिनेगरला दाद देत नाहीत, त्यासाठी काचेचे खास पॉलिश लागते. हेल्मेटची काच प्लास्टिकची असते. तिला सौम्य साबण, पाणी आणि मऊ कापड एवढेच पुरे.